कोरड्या नळाखालचा हात

सकाळचे नऊ चाळीस. वायसरकाका स्वतःच्याच स्वयंपाकघरात सिंकपुढे उभे आहेत. नळ पूर्ण उघडा आहे आणि त्यातून थेंबही येत नाही. काकांचा उजवा हात नळाखाली पसरलेला आहे, काहीतरी मागितल्यासारखा, आणि तो त्यांनी तसाच धरून ठेवला आहे.

"पाणी गेलं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"गेलं," आतून बायको ओरडली.

"न्हाणीतलं?"

"तेही गेलं."

"संडासातलं?"

"कट!" जावईबापू म्हणाले.

जावईबापूंचा फोन एका उंच काठीवर बसवलेला होता आणि काठी पिठाच्या डब्याला सुतळीने बांधलेली होती. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली ढगळ विजार. नोकरी होती तेव्हाही ते असेच बसत, कारण मीटिंग कमरेच्या वरच असते. आता नोकरी नव्हती, पण सवय राहिली होती.

"मामा, किती वेळ हात धरायचा? यात काही घडत नाहीये."

"न घडायलाच पाहिजे," काका म्हणाले. "घडलं तर पंचाईत."

"बघणारा माणूस तीन सेकंदांत पळतो."

"मग पळू दे की. त्याचा नळ गळत नसेल."

जावईबापूंनी मान हलवली. ज्याचं या जगात कसं व्हायचं, असा प्रश्न आपल्याला पडतो, अशा माणसाकडे बघून हलवावी तशी.

काका नळदुरुस्ती करतात. वयाच्या विशीपासून करतात. ज्या पाच-सहा गल्ल्यांत ते फिरतात तिथे त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत आहे. आतला रबरी वायसर झिजून नळ गळायला लागला की लोक "वायसरला बोलवा" म्हणतात. मग ते वायसर घेऊन येतात की माणूस म्हणून येतात, हे कोणी विचारत नाही. त्यांच्याकडे दुकान नाही, पाटी नाही, छापलेलं कार्ड नाही. एक पिशवी, नळ खोलायचे दोन पाने, पांढऱ्या टेपची रिळं, आणि नाव. नाव असं, की लोक घराची किल्ली त्यांच्या हातात देऊन ऑफिसला जातात. ते गेलं तर पिशवी कुलुपात घालून ठेवायची, एवढं त्यांना पक्कं कळतं.

त्यांच्या कामाची एक रीत आहे. नळाला पाना लावण्याआधी ते जिन्याखालचा पाण्याचा मेन कॉक बंद करतात. इथपर्यंत सगळेच करतात. पुढे काका घरातले सगळे नळ उघडून ठेवतात, नळाखाली हात धरतात आणि घरातल्या माणसाला विचारतात, पाणी गेलं? तो माणूस स्वतःच्या तोंडाने "गेलं" म्हणेपर्यंत पाना पिशवीतून बाहेर येत नाही. जुन्या इमारतींत कॉकवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. आपण एक बंद करावा, तर तो शेजाऱ्याचा निघतो. आपलं पाणी चालूच राहतं आणि शेजारी अंगाला साबण लावून ओरडत असतो. शिवाय पाइपात उरलेलं पाणी निथळायला वेळ लागतो. पाहणाऱ्याला हा सगळा वेळ म्हणजे काका हात पसरून उभे आहेत एवढंच दिसतं. पुष्कळ गिऱ्हाइकं त्या वेळात चहा टाकतात.

जावईबापू एका कंपनीत होते. त्यांचं काम काय, हे काकांना लग्नाच्या वेळी समजावून सांगण्यात आलं होतं आणि समजलं नव्हतं. लोकांना वेबसाइटवर आणायचं, असं काहीसं होतं. कंपनीने माणसं कमी केली, त्यात हे गेले. भाड्याचं घर सोडलं आणि काकांची मुलगी नवऱ्याला घेऊन माहेरी मागच्या खोलीत राहायला आली. जावई घरात बसून राहिला की सासूला धड रागावता येत नाही आणि लाडही करता येत नाहीत. तिसऱ्या महिन्यात काकूंनी नवऱ्याला बाजूला घेतलं.

"त्यांना काहीतरी करू द्या. रिकामा माणूस घरातल्या डब्यांची झाकणं मोजायला लागतो."

"मग माझ्याबरोबर येऊ देत."

"जावयाच्या खांद्यावर पाइप देणार? शोभेल?"

शोभणार नव्हतं. म्हणून जावईबापूंनी सासऱ्यांची वेबसाइट काढली. तिच्यावर काकांचा पाना घेतलेला फोटो होता, सल्ला होता, आणि "आत्ताच बोलवा" असं लिहिलेलं लाल बटण होतं. बटण कोणी दाबेना. वेबसाइट आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा जावईबापूंनी व्हिडिओची योजना मांडली.

"व्हिडिओ म्हणजे गळ, मामा. वेबसाइट म्हणजे टोपली. गळाला लागला की मासा टोपलीत."

"आणि मी कोण?"

"तुम्ही..." जावईबापू थोडे अडखळले. "तुम्ही चेहरा."

काकूंनी हसू पदरात लपवलं.

पहिले काही व्हिडिओ काकांनी जसं काम करतात तसे केले. हात धरण्यापासून नळ पुन्हा घट्ट बसवण्यापर्यंत सगळं. लोकांनी ते पाहिले, भरपूर पाहिले. खाली लिहिलंही: "काका, झालं! पहिल्या फटक्यात!" "काका, देव भलं करो." वेबसाइटवर मात्र कोणी फिरकेना. वर आणखी एक घडलं. काकांचे नेहमीचे बोलावणारेही कमी झाले. पुढच्या गल्लीतले निवृत्त बँक मॅनेजर रस्त्यात भेटले. हातात पिशवी, पिशवीत नवाकोरा पाना.

"वायसर, तुमचा व्हिडिओ बघून मीच केला नळ! आता तुमची गरजच नाही!"

एवढं आनंदाने काकांना आजवर कोणी कामावरून काढलं नव्हतं.

जावईबापूंनी रोगाचं निदान केलं. "तुम्ही सगळं सांगून टाकता. पोट भरलेला माणूस खानावळीची पायरी चढेल का? थोडी भूक ठेवायची. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेबसाइटवर ठेवायची आणि व्हिडिओत तिचा नुसता वास द्यायचा."

"ठेवा काय ठेवायचं ते," काका म्हणाले. त्यांना कामावर जायचं होतं. आणि त्यांनी आपला एकही व्हिडिओ कधी पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी स्वतःचा आवाज ऐकून ते म्हणाले होते, "हा माणूस माझ्या घरी आला तर मी त्याला नळाला हात लावू देणार नाही."

इथे घोटाळा झाला. जावईबापूंना हात धरून उभं राहण्याचा भाग काढायचाच होता, कारण त्यात काही घडत नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय, असं त्यांनी काकांना विचारलं तेव्हा काकांनी खरं तेच सांगितलं: आधी पाणी बंद करायचं आणि ते गेलंय याची खात्री करायची. दोन्ही प्रश्न एकाच कात्रीने सुटले. नव्या व्हिडिओत काका सिंकपुढे येतात, हसतात, आणि थेट पाना लावतात. नळाचं डोकं फिरू लागतं, तोच पडद्यावर अक्षरं उमटतात: "थांबा! याआधी करायची ती एक गोष्ट तुम्ही केलीत का? उत्तर वेबसाइटवर!"

वेबसाइट धावू लागली.

जावईबापूंनी आलेख छापून फ्रिजवर लावला. रेघ डोंगर चढत होती. त्यांनी अभ्यास केला. लोक प्रामुख्याने सकाळी येत होते, ऑफिसला निघायच्या आधी. फोनवरून येत होते. घाईत येत होते. पान उघडलं की वरचा मजकूर सोडून थेट खाली जात होते.

"प्रचंड उत्सुकता आहे," जावईबापू जेवताना म्हणाले.

नाव, ईमेल आणि फोनवर आलेला सहा आकडी कोड भरल्याशिवाय उत्तर उघडत नव्हतं. लोक तेही भरत होते. नावाच्या जागी कोणी "अअअअ" लिहिलं होतं, कोणी "लवकर", एकाने नुसतंच "अहो". व्हिडिओखालचा मजकूरही बदलला होता. "काका, थांबत नाहीये!" "काका, पुढे काय??" "काका, छतापर्यंत!"

"छतापर्यंत म्हणजे?" मुलीने विचारलं.

"कौतुकाची नवी भाषा आहे," जावईबापू म्हणाले, आणि प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र आणि वेबसाइटचा पत्ता पाठवत राहिले.

काकूंना एकच शंका होती. "एवढी माणसं येतात म्हणता, तर चहा कोणाला लागत नाही, हे बरं आहे."

काकांचीही कामं वाढली होती, पण वेगळी. लोक नळ गळतोय म्हणून बोलवत नव्हते. नळ निघालाय म्हणून बोलवत होते. अनोळखी गल्ल्यांतून फोन येत. काका जात, पाणी बंद करत, नळ बसवत. लोक त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. अनोळखी माणसं अशीच बघतात, असं ते धरून चालले होते.

एका गुरुवारी सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. मोठ्या बाई म्हणजे जवळच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहतात. काकांना त्या ओळखतात तेव्हापासून, जेव्हा काकांच्या मिश्या नुकत्या फुटल्या होत्या. "ये" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जिन्यावरूनच पाणी उतरत होतं. काकांनी वर न जाता आधी जिन्याखाली वाकून कॉक फिरवला. मग वर गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात मोठ्या बाई छत्री उघडून उभ्या होत्या. चष्म्यावर थेंब. भिंतीतल्या नळाचं डोकं ओट्यावर पडलेलं, आणि जिथून ते निघालं होतं तिथला फवारा आता थकून झुळझुळत होता. छताला मोठा ओला डाग. धान्याचे डबे खुर्च्यांवर चढवलेले. सिंकखालच्या कपाटाचं दार फुगून अर्ध्यातच अडकलेलं. बाईंच्या दुसऱ्या हातात फोन होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला.

काकांचा हात सवयीने नळाखाली गेला. "पाणी गेलं?"

"आता विचारतोस?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अरे, तुझंच ऐकलं. तू म्हणालास लाव पाना, मी लावला. तू म्हणालास फिरव, मी फिरवला. मग तू म्हणालास थांबा, पण नळ कुठे थांबतोय?"

"मी थांबा म्हटलं?"

"लिहून आलं होतं. उत्तर वेबसाइटवर. मी म्हटलं, परीक्षा आहे तर परीक्षा. नाव भरलं. आडनावासकट. ईमेल मला पाठ नाही, म्हणून नातवाला फोन लावला. तो म्हणाला, आजी, पाण्याचा आवाज कसला? म्हटलं, ते नंतर, आधी ईमेल सांग. मग कोड आला. सहा आकडे. छत्रीखाली चष्मा लावून टाईप केले. एक चुकला. पुन्हा कोड." त्यांनी श्वास घेतला. "उत्तर काय निघालं माहीत आहे? आधी पाणी बंद करा."

काकांनी ओट्यावरचं नळाचं डोकं उचललं.

"इथे तीस वर्षं येतोस. प्रत्येक वेळी विचारतोस, पाणी गेलं का. मला वाटायचं, हा काय खुळ्यासारखा हात धरून उभा राहतो. व्हिडिओत का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं, बाई."

"दाखव कुठे."

बाईंनी पिशवीवरूनच फोनवर बोट दाबलं. काकांनी आपला व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला. सिंकपुढे येणारा, हसणारा, थेट पाना लावणारा माणूस त्यांनी पाहिला. पुन्हा लावायला सांगितला आणि पुन्हा पाहिला. मग त्यांनी नळ बसवला, ओटा पुसला, डबे खाली ठेवले. निघताना पैशाचं नाव कोणीच काढलं नाही. सिंकखालच्या कपाटाच्या ज्या दाराच्या आतल्या बाजूला काकांचा नंबर पेन्सिलीने लिहिलेला होता, त्याच दारावर मोठ्या बाई त्यांच्यादेखत खाली एक ओळ लिहीत होत्या: "माणूस बोलवावा. व्हिडिओ बघू नये."

काका घरी पोचले तेव्हा विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. घरात मात्र आनंद पसरला होता. मुलगी हसत होती. ती असं हसलेली काकांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"मामा, बसा आधी. बातमी आहे."

"भिजलोय मी."

"उभ्याने ऐका. भिंतींची ओल काढून देणारी एक कंपनी आहे, मोठी. त्यांच्याकडे अचानक मागणी वाढली. कशामुळे, ते कळेना. त्यांनी गिऱ्हाइकांकडे चौकशी केली, तर प्रत्येक घरात आपला व्हिडिओ!" जावईबापूंचा आवाज चढला. "साहेबांनी स्वतः फोन केला. मला नोकरी देतायत. सोमवारी भेटायला बोलावलंय. अट एकच. व्हिडिओ आहे तसा ठेवायचा. विशेषतः सुरुवात."

"माझा हात कुठे गेला?" काकांनी विचारलं.

"कुठला हात?"

"नळाखालचा."

"तो वेबसाइटवर आहे, मामा. काढला नाही, हलवला. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फुकट कशाला वाटायची? आणि बघा ना, सगळ्यांत जास्त वाचली जाते ती तीच ओळ!"

"वाचणारच. घरात पाणी शिरल्यावर माणूस दुसरं काय वाचेल?"

काकांनी मोठ्या बाईंचं सांगितलं. छत्रीचं, नातवाचं, दोन वेळा आलेल्या कोडचं. जावईबापू फ्रिजवरच्या आलेखाकडे बघत होते. सकाळची चढती रेघ तीच होती. आता तिच्यात प्रत्येक ठिकाणी एकेक स्वयंपाकघर होतं.

"मला खरंच कळलं नाही," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, लोकांना शिकायचंय."

"बाबा," मुलगी म्हणाली, "सोमवारपर्यंतच. तोवर राहू द्या. किती महिन्यांनी त्यांना कोणीतरी फोनवर साहेब म्हटलंय."

दारात उभ्या उभ्या काकांच्या विजारीतून थेंब पडत होते. सोमवारपर्यंत चार सकाळी होत्या आणि सकाळीच सगळ्यात जास्त लोक येतात, हे त्यांना त्याच आलेखाने सांगितलं होतं. काकूंनी फडकं आणून त्यांच्या पायाशी टाकलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमचा मान ठेवून सांगते. रिकामे बसलात तेव्हा मीच म्हटलं होतं, काहीतरी करू द्या. तेव्हा दोष माझा. पण उद्या मोठ्या बाई मला बाजारात भेटणार. मी तोंड कुठे लपवू, तेवढं सांगा."

"व्हिडिओत तोंड कोणाचं आहे?" काकांनी विचारलं.

"तुमचं."

"मग उतरवा."

"कंपनीला काय सांगू?"

"सांगा, सासरा ऐकत नाही. सासऱ्यावर ढकललं की जावयाचं काही बिघडत नाही."

मुलगी उठून मागच्या खोलीत गेली आणि दार जरा जोरात लागलं. जावईबापूंनी फोन काढला. व्हिडिओ उतरवायला एक बटण पुरलं; "खरंच उतरवायचा का?" असं फोनने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी काकांकडे पाहिलं. काका ओली विजार बदलायला निघून गेले होते.

नवा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी झाला. त्यात काका जिन्याखाली वाकतात, कॉक बंद करतात, वर येतात आणि नळाखाली हात धरून उभे राहतात. जावईबापूंनी यातलं काही कापलं नाही. लोकांनी खाली लिहिलं: "नेट अडकलंय का?" "माझ्याच फोनवर थांबलाय की सगळ्यांच्या?" एकाने लिहिलं, "काका, हात दुखत नाही का?" वेबसाइटची रेघ आठवड्यात जमिनीला टेकली. आलेख फ्रिजवरून उतरवला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकू वाणसामान लिहू लागल्या.

सोमवारी जावईबापू कंपनीत गेले, या वेळी पूर्ण पोशाखात. साहेबांनी चहा दिला, व्हिडिओ बदलल्याचं ऐकून घेतलं, "तत्त्वाची माणसं हल्ली कुठे मिळतात" असं म्हणाले आणि "कळवतो" म्हणून दारापर्यंत पोचवायला आले. कळवलं नाही. काही दिवसांनी कंपनीचा स्वतःचा व्हिडिओ आला. दुसरं सिंक, दुसरा हसरा माणूस, चकचकीत पाना. सुरुवात तीच.

त्यामुळे काकांचे सकाळचे फोन थांबलेले नाहीत. पण नावाला लागलेली ओल अजून पूर्ण सुकलेली नाही. बँक मॅनेजरांनी गेल्या आठवड्यात दुसऱ्या नळवाल्याला बोलावलं, काकांच्या खिडकीखालूनच त्याला घेऊन गेले. मुलीने वडिलांशी बोलायला सुरुवात केली आहे, जेवायला वाढताना. फोन आता जावईबापू घेतात. पलीकडचा माणूस ओरडत असतो आणि ते शांतपणे विचारतात, "जिन्याखाली गेलात का? गोल चाक दिसतंय? घट्ट होईपर्यंत फिरवा, मग घरच्यांना विचारा, पाणी गेलं का." पुष्कळदा काम तिथेच संपतं आणि काकांना जावंच लागत नाही. याचा आलेख कसा काढायचा, हे जावईबापूंना अजून सुचलेलं नाही.

काल मोठ्या बाईंनी फोन करून सुतार मिळाल्याचं सांगितलं. सिंकखालचं दार बदलायचं तर आधी सिंक सोडवायला हवं, आणि ते वायसरनेच सोडवायचं, असं त्या सुताराला म्हणाल्या. सुतार उद्या साडेआठला येणार आहे. काका आठला पोचतील. मेन कॉकपाशी जावईबापू उभे राहतील. त्यांनी त्यासाठी बिनइस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे.